चौथी सीट

माझी भावजय हेमांगी म्हणजे यादीवर जगणारी बाई. पहाटे साडेपाचला वर्तकनगरातून निघते, लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, मग तीनपर्यंत लॅबमध्ये. फ्रिजवर यादी, कपाटाच्या दारावर यादी, मुलांच्या दप्तरात यादी. मिठाच्या बरणीवरसुद्धा तिने ‘मीठ’ असं लिहून चिकटवलंय. मी एकदा म्हटलं, “अगं, कपाळावर पण एक चिकटव, हेमांगी म्हणून.” हसली नाही. म्हणाली, “ताई, मी विसरले तर या घरात आठवण करून द्यायला दुसरं कोण आहे?” माझं तोंड बंद झालं. तसं ते सहसा होत नाही. कल्याणला वीजबिलांच्या तक्रार खिडकीवर मी अठरा वर्षं बसतेय, उलट उत्तर जिभेवर तयारच असतं.

माझा धाकटा भाऊ दौलत, हेमांगीचा नवरा, दोन वर्षांपूर्वी मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत गेला. वागळे इस्टेटमध्ये कामावर असताना छातीत दुखायला लागलं आणि संपलंच सगळं. अडतीस वर्षांचा होता. आठ दिवसांनी मुलांना घेऊन घाटाच्या पायथ्याच्या त्या मोठ्या पार्कात जायचं ठरलेलं. मुलांची पहिलीच सहल. सान्वी तेव्हा सहा वर्षांची, नील तीनचा. दौलतने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळा बेत लिहिलेला. आधी झुकझुक गाडी, मग घोड्यांचं चक्र, मग पाण्यात, आणि सगळ्यात शेवटी आकाशपाळणा, चौघांनी एकत्र. ‘चौघांनी एकत्र’च्या खाली दोन रेघा मारलेल्या.

दहाव्याला खाडीकाठी पिंडाला कावळा शिवेना. एक वाजला, दीड वाजला. आमचा चुलतभाऊ उत्तम क्रियेला बसलेला. तो एकेक कबूल करत गेला, मुलांना शिकवू, आईला सांभाळू. समोरच्या झाडावर दहा-बारा कावळे बसून नुसते बघत होते. शेवटी हेमांगी पुढे झाली आणि म्हणाली, “मुलांना पार्कात नेईन. तुमच्या कागदाप्रमाणे, सगळं.” तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगतेय.

पार्क मात्र राहून गेलं. पहिल्या वर्षी हेमांगीला सुट्टी मिळेना, दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सान्वीला कांजिण्या. आणि मग नीलचं ते सुरू झालं.

संध्याकाळी पाच वाजले की पोरगा बाल्कनीत तुळशीच्या कुंडीला टेकून बसायचा आणि बोलायचा. पोरं बोलतात एकटी, त्यात काय. पण हा मध्येच थांबायचा, ऐकायचा, आणि मग उत्तर द्यायचा. “नाही, आज डब्यात भेंडी होती.” परत थांबणं. “आजीने केलेली.” एका शनिवारी मी डोंबिवलीहून आले, चप्पल काढतेय तेवढ्यात मला म्हणतो, “आत्या, तू चिंबोरी आहेस?” माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लहानपणी मी खेकड्यासारखे चिमटे काढायचे म्हणून दौलत मला चिंबोरी म्हणायचा. त्याच्यामागे ते नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. आईनेच सांगितलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आईला विचारलं तर तिने मान फिरवली.

हळूहळू नील खाली खेळायला जाईना. मुलं गेटजवळून हाका मारायची, हा जागचा हलायचा नाही. वाढदिवसांना नको, शाळेच्या सहलीला नको. का, तर “बाबा एकटा राहील.” डॉक्टरीण बाई म्हणाल्या, वयाने जाईल. गेलं नाहीच, उलट पोरगं वाळायला लागलं. एका रविवारी भांडी घासता घासता हेमांगी मला म्हणाली, “ताई, माझं एक माणूस गेलं. हे दुसरं माझ्यासमोर जातंय. मी कबूल केलं आणि केलं नाही, म्हणून ते अडकलेत आणि पोराला धरून बसलेत. या दिवाळीत मी जाणार म्हणजे जाणार.”

आणि मग काय याद्या निघाल्या म्हणता! टॉवेल, टोप्या, उलटीच्या गोळ्या, जास्तीचे कपडे. पाळण्यांना उंचीची अट असते म्हणून दोन्ही पोरांना दाराच्या चौकटीला उभं करून मापं घेतली. पार्काची बस तीन हात नाक्याहून सुटते, तिच्यात चार सीट घेतल्या, आत जायची चार तिकिटं काढली. हेमांगी, दोन मुलं आणि मी. आईचे गुडघे गेलेत, ती घरीच राहणार होती. दौलतचा तो कागद हेमांगीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

जायच्या तीन दिवस आधी मी त्यांच्याकडे राहायला आले, बाल्कनीत कपडे काढायला गेले आणि तुळशीजवळ पाय सटकला. घोटा मोडला. लादीवर पाणी होतं, एवढंसं थारोळं. सकाळपासून कोणी तिथे पाणी घातलेलं नव्हतं. प्लास्टर घालून आले तर नील माझ्याजवळ आला, प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाला, “तुला लागायला नको होतं आत्या. पण बाबाला सीट नव्हती ना.”

माझा पारा असा चढला! “पुरे हां तुझी नाटकं,” म्हणून त्याच्यावर केवढ्याने खेकसले. तो रडला नाही. बाल्कनीकडे बघून “चिडली” एवढंच म्हणाला. घाबरले होते मी, खोटं कशाला बोलू?

आता जाणारी माणसं उरली तीन. आमच्याकडे तिघं मिळून कुठे निघत नाहीत. निघायचंच झालं तर दारातला एक खडा बरोबर घ्यायचा, तो चौथा. पोचलं की टाकून द्यायचा. आई आदल्या दिवसापासून मागे लागलेली, “अगो, खडा विसरू नका.”

बुधवारी सकाळी सहाला बॅगा दारात, खाली रिक्षा उभी, आई आंघोळीला गेलेली, आणि नीलने पाय आपटायला सुरुवात केली. “मी नाही येणार, बाबा एकटा राहील.” हेमांगीचा चेहरा पांढरा पडलेला. तेवढ्यात तिला खड्याची आठवण झाली. माझं डोकं आधीच फिरलेलं, त्यात पायात कळा. तिसऱ्या मजल्यावर दारात खडा कुठून असणार? मी लंगडत बाल्कनीत गेले, तुळशीच्या कुंडीत हात घातला, मातीत लिंबाएवढा काळा गुळगुळीत खडा लागला तो उपसला आणि आणून नीलच्या हातात कोंबला. “हा घे चौथा. आता नीघ.”

नील गप्प झाला. खड्याकडे बघून असा हसला, दोन वर्षांत तसा हसला नव्हता. मातीसकट खिशात घातला आणि म्हणाला, “चला.” मला वाटलं, बरी युक्ती लागू पडली.

साडेदहाला हेमांगीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“ताई, झुकझुक गाडीला एवढ्या लहान मुलाला एकटं बसवत नाहीत. मी सान्वीची चप्पल बघत होते, वळून पाहते तर नील गाडीत आणि गाडी चालू. मी तिथल्या फाटकावरच्या माणसाला म्हटलं, एकट्याला कसं बसवलंत? तर म्हणतो, एकटा कुठे, त्याचे पप्पा बसलेत ना बाजूला.”

“दुसऱ्या कोणाचा तरी बाप असेल.”

“मी पण तेच म्हटलं. तो म्हणाला, निळा चौकड्यांचा शर्ट होता.”

दौलत गेला त्या दिवशी त्याच्या अंगात निळा चौकड्यांचा शर्ट होता. पलीकडे गाण्यांचा आणि पोरांचा नुसता गोंधळ ऐकू येत होता.

“आणि तो खडा,” हेमांगी म्हणाली, “पोचल्यावर टाकायचा ना? नील देतच नाही. तीन वेळा पुसला मी रुमालाने, परत ओला होतो.”

आई पोथी वाचत होती. तिने मान वर केली. “खडा कुठला दिलास गो तू?”

“तुळशीतला.”

आई उठली. जिला संडासाला जायला भिंत धरावी लागते ती माझी आई धावत बाल्कनीत गेली. दोन्ही हातांनी कुंडीतली माती उकरली, तुळस आडवी झाली तरी उकरत राहिली. मग तिथेच लादीवर बसली.

माणसाला अग्नी देताना मडकं फोडायला जो खडा घेतात, तो जीवखडा. दहा दिवस तोच गेलेल्या माणसाच्या जागी असतो, आणि दहाव्याला वाहत्या पाण्यात सोडतात. सोडला की माणूस सुटला. घरात आणत नाहीत म्हणून दौलतचा जीवखडा ते दहा दिवस तुळशीत ठेवलेला. उत्तमने खाडीत सोडला, मी स्वतः पाहिला. पण तो खरा जीवखडा नव्हता. आईने नवव्या दिवशी खडा बदललेला.

“माझ्याच्याने झालं नाही,” आई म्हणाली. “सगळ्यांनी मिळून त्याला घराबाहेर काढलं. म्हटलं, एवढा तरी राहू दे. दुपारी सगळी बाहेर असतात, मी बोलते त्याच्याशी. तो कधी बोलला नाही माझ्याशी. पोराशी बोलायला लागला.”

फोन चालूच होता. हेमांगीने सगळं ऐकलं. इतक्या वर्षांत तिने सासूला उलट शब्द दिला नव्हता. त्या दिवशी दिला. “आई, तुमचं पोर तुम्हाला सोडवेना म्हणून तुम्ही माझं पोर दिलंत?” आईने पदर तोंडात धरला. मला दोघींसाठीही तुटत होतं, आणि राग यायचा तो माझाच येत होता. तो खडा सहलीला धाडला मी.

मीच म्हटलं, “हेमांगी, वाहतं पाणी बघ. नीलच्या हातानेच सोडायला लाव.”

“वाहतं पाणी इथे कुठलं?” मग थांबली. “एक गोल नदी आहे. ट्यूबमध्ये बसून फिरतात लोक. पंपाची आहे, पण वाहतेय.”

“चालेल.”

“नील आता नाही सोडणार ताई. मी ओळखते त्याला. कागदात आकाशपाळणा शेवटी आहे. सगळं कागदाप्रमाणेच करते.” आणि फोन ठेवला.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आई भिंतीला टेकून, मी खुर्चीत पाय वर करून. जेवण तसंच झाकून ठेवलेलं. एकच विचार डोक्यात, पोरगं म्हणालं की मी पण इथेच राहतो बाबाबरोबर, तर? पाच वाजले. रोज या वेळी नीलचा आवाज असायचा. बाल्कनीत काहीच नव्हतं, फक्त आडवी तुळस.

पाच वीसला फोन आला.

“सोडला,” हेमांगी म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली. मग तिने सांगितलं. आकाशपाळण्यात समोरासमोर दोन-दोन जणांची जागा. ती आणि सान्वी एका बाजूला, समोर नील, त्याच्या शेजारची जागा रिकामी. “पाळणा आमच्या बाजूला झुकायला हवा होता ना ताई? झुकला नाही. सरळ राहिला. वर गेल्यावर सगळ्या डोंगराला ऊन लागलेलं. मी त्या रिकाम्या जागेला म्हटलं, झालं हो तुमच्या कागदाप्रमाणे. आता माझं पोर मला द्या.”

खाली उतरल्यावर नील स्वतःच तिचं बोट धरून त्या नदीपाशी गेला. काठावर उकिडवा बसला. खडा कानाशी धरून थोडा वेळ ऐकलं, “हो” म्हणाला, आणि पाण्यात सोडला. मग बराच वेळ हात हलवत राहिला. पाण्यातल्या एका अनोळखी बाईला वाटलं तिलाच करतोय, तिनेही केला. आणि मग हेमांगीकडे वळून म्हणाला, “आई, मला पण ट्यूब पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गेटजवळून हाका आल्या. नील चपला अडकवून जिन्याने धावला, दार उघडंच टाकून. हेमांगी तो पार दिसेनासा होईपर्यंत जिन्यात उभी होती. मग तिने दौलतचा कागद बॅगेतून काढला आणि घडी करून कपाटात ठेवला. सासूशी ती अजून बोललेली नव्हती, पण चहाचे कप तीन काढले.

आई बाल्कनीत होती. तुळस परत लावलेली, माती दाबून झाली तरी तिचा हात त्या कुंडीतच. मी लंगडत जाऊन शेजारी बसले. खाली पोरांचा आरडाओरडा चाललेला, त्यात नीलचा आवाज सगळ्यांत वरचा.

“आसावरी,” आई हळूच म्हणाली, “रडला नाही ना गो जाताना?”

“नील? छे गं.”

“नील नव्हे.”

मी असल्या गोष्टी मानत नाही. मी आईचा मातीने भरलेला हात माझ्या हातात घेतला.

“नाही आई,” मी म्हटलं. “खूश होता. मुलांबरोबर सगळीकडे फिरला.”