कापायचा राहिलेला शॅकल

कारखान्यात त्यांना दुप्पटकाका म्हणत. आडनाव हजेरीच्या कार्डावर होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नव्हतं. हे नाव पडलं ते कामावरून. जो शॅकल दहा टन उचलेल असं सांगून विकायचा, तो काका आपल्या मशीनवर वीस टनांनी ताणून बघत. शॅकल म्हणजे घोड्याच्या नालासारखा वाकवलेला जाड पोलादी दांडा आणि त्याच्या उघड्या तोंडातून आरपार जाणारी पिन. क्रेनचा दोर आणि खाली लटकणारं ओझं यांना जोडणारा तो एवढाच. तो गेला की सगळं गेलं.

ही सवय कामापुरती राहिली असती तर घरच्यांनी देवाचे आभार मानले असते. कपडे वाळत घालायची नवी दांडी बसवली की काका आधी स्वतः तिला लोंबकळत. नातीसाठी पाळणा आणला तेव्हा पोरीला आत ठेवण्याआधी त्यांनी त्यात गव्हाचं पोतं निजवलं आणि व्याह्यांच्या डोळ्यांदेखत तासभर झोके दिले. "लग्नाआधी मला कुठे टांगून बघितलं नाहीत, हेच माझं नशीब," बायको म्हणायची. त्यावर काका गंभीर चेहऱ्याने सांगत की तेव्हा मशीन आलेलं नव्हतं.

बूड टेकवून बसणं त्यांना माहीतच नव्हतं. कुलूप लावून जिना उतरले की परत वर. कुलूप ओढून खाली आले की गॅसची आठवण. बायको फाटकाशी शांतपणे उभी राही. दोन फेऱ्या झाल्याशिवाय हा माणूस रस्त्याला लागत नाही, हे तिने पहिल्या वर्षातच ओळखलं होतं आणि त्या हिशेबाने ती नेहमी दहा मिनिटं आधीच निघायची.

काकांचं म्हणणं असं, की चांगला शॅकल सांगून मरतो. त्यासाठीच तर एवढा खटाटोप. पोलादाचा दांडा भट्टीत पिवळाधमक होईपर्यंत तापवायचा, हॅमरखाली साच्यात ठोकून घडवायचा, गरम असतानाच वाकवायचा. मग पुन्हा तापवून एकदम विझवायचा, की तो कडक होतो. पण नुसता कडक ठेवला तर काचेसारखा फुटेल, म्हणून परत बेताच्या आचेवर ठेवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. असा शॅकल भलत्या ओझ्याखाली आधी ताणला जातो, वाकतो, मग तुटतो. खालच्या माणसाला पळायला वेळ मिळतो. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला काका हे ऐकवत, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली तरी पुन्हा एकदा ऐकवत.

ताणून झाला की शॅकलवर काकांचा बारीक शिक्का बसे. त्यानंतर शेवटची परीक्षा अंधाऱ्या खोलीत. शॅकलला चुंबक लावून त्यावर लोखंडाच्या चमकत्या भुकटीचं पाणी सोडायचं आणि जांभळ्या दिव्याखाली फिरवून बघायचा. कुठे भेग असेल तर भुकटी तिथे जमते आणि हिरवी रेघ उजळते. अशी रेघ दिसली तर नियम ठरलेला. शिक्क्यावर छिन्नीने काट मारायची आणि त्याच दिवशी, घरी जायच्या आत, गॅस कटरने त्या शॅकलचे दोन तुकडे करायचे. अख्खा शॅकल कुणाच्याही हातात जाऊ शकतो, तुकडे जात नाहीत.

सत्तावीस वर्षांत हा नियम काकांनी एकदाच मोडला, तोही एक भांडण जिंकण्यासाठी.

भांडण होतं हॅमरवाल्या उस्तादांशी. दोघे एकाच वर्षी कामाला लागलेले, एकाच डब्यात जेवणारे. महिनाभर काका सांगत होते की साचा झिजलाय. साचा झिजला की तापलेलं पोलाद कडेला स्वतःवरच दुमडतं आणि घडी पडते. वरून गुळगुळीत दिसतं, पण आत सांधलेलं नसतं. उस्ताद ऐकायला तयार नव्हते. "माझ्या हॅमरखाली घडी पडत नाही. तुझ्या दिव्यालाच मोतीबिंदू झालाय," असं ते भर जेवणात म्हणाले होते आणि अख्खा विभाग हसला होता.

त्या दिवशी चाळीस शॅकलची ऑर्डर पुरी करायची होती. एकोणचाळीस स्वच्छ निघाले. चाळिसाव्याच्या वाकणात, आतल्या बाजूला, केसाएवढी हिरवी रेघ उमटली. काकांना खरं तर वाईट वाटायला हवं होतं. त्यांना आनंद झाला. त्यांनी शॅकल पुसला, भेगेभोवती लाल खडूने गोल काढला आणि तो नेऊन उस्तादांच्या टेबलावर, चहाच्या ग्लासाशेजारी ठेवला. उस्ताद दात काढून घ्यायला लवकर गेले होते. कटरवाल्याने विचारलं, तर काका म्हणाले, एक आहे, पण तो उद्या कापू. शिक्क्यावर काट मारायचीही राहिली. त्या संध्याकाळी बायकोबरोबर बाहेर पडताना त्यांनी घराचं कुलूप एकदाच बघितलं. बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

काकांनी रात्रीच फोनवर कळवलं होतं, त्यामुळे सकाळी उस्ताद सुजलेला गाल धरून दारातच उभे होते. "कुठंय तुझा पुरावा?"

टेबलावर ग्लास होता. शॅकल नव्हता.

काकांनी टेबलाखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं, भंगाराच्या ढिगात हात घातला. मग ते पॅकिंगकडे पळाले. पॅकिंगवाला समाधानात होता. काल संध्याकाळी पेटीत एक नग कमी भरत होता, त्याने सगळीकडे शोधलं, शेवटी उस्तादांच्या टेबलावर सापडला. कागद दाबायला घेतला असेल, असं त्याला वाटलं. वर काकांचा शिक्का होताच. कसल्या तरी खडूच्या रेघा होत्या, त्या त्याने पुसून काढल्या आणि पेटी चाळीसची केली. ट्रक आज सकाळी साडेसहालाच गेला होता.

काका तसेच साहेबांच्या खोलीत शिरले. साहेबांनी लगेच गिऱ्हाइकाकडे फोन लावला. तिकडच्या कारकुनाने सांगितलं की माल आलाय, चाळीस नग, कागद जुळतात, काही अडचण नाही. अडचण आहे हे साहेब सांगत होते, आणि कागद जुळतात हे तो सांगत होता. त्यांचे मोठे साहेब अकरानंतर येणार होते. साहेब काकांना म्हणाले, बसा जरा, अकराला बोलतो. काका बसले. उठले. पुन्हा बसले, आणि खुर्ची सरकवून थेट बाहेर पडले.

अंधाऱ्या खोलीतून त्यांनी हातात धरायचं विजेचं चुंबक, दिवा आणि फवाऱ्याचा डबा उचलला. फाटकाबाहेर उस्तादांनी स्कूटर चालू करून ठेवली होती.

"तुझा दात," काका म्हणाले.

"दात काढून टाकलाय. बस मागे."

वाटभर दोघे भांडत होते. शॅकल टेबलावर ठेवायची अक्कल कुणाची, आणि महिनाभर सांगूनही साचा न बदलण्याची अक्कल कुणाची. मांडीवरचं सामान सांभाळत काका मागे बसून नको ते हिशेब करत होते. सातला ट्रक पोहोचला असेल. आठला पेटी फोडली असेल. साडेआठपासून किती वेळा उचललं असेल?

काम चाललं होतं ते एका मोठ्या पुलाचं. सत्तावीस वर्षांत काकांनी आपला एकही शॅकल कामावर पाहिला नव्हता. आता पाहिला. लांबलचक काँक्रीटचा गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, जमिनीपासून दोन माणसं उंच लटकत होता. त्याच्या चार कोपऱ्यांना चार शॅकल. मशीनवर मनगटाएवढे जाड वाटणारे ते इथून कानातल्या रिंगांएवढे दिसत होते. गर्डर फिरू नये म्हणून चार जण चार दोऱ्या धरून उभे होते, सगळे जवळच.

मुकादम ठेंगणा होता. गळ्यात शिट्टी, नजर ओझ्यावर. कुणीतरी धापा टाकत शेजारी येऊन उभं राहिलं तरी त्याने मान वळवली नाही. "बोला, ऐकतोय," तो म्हणाला. काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. मुकादमाचा वर धरलेला हात तसाच राहिला. काकांना वाटलं, ह्याला कळलं नाही. त्यांनी त्याची बाही धरली. मुकादमाने ती हळूच सोडवून घेतली. "आत्ता एकदम थांबवलं तर झटका बसेल. हलू नका."

त्याने तळहात खाली केला आणि बोटं बारीक हलवायला लागला. क्रेनवाल्याने ओळखलं. दोन आखूड शिट्ट्या झाल्या, तशा चौघांनी दोऱ्या सोडल्या आणि पाठ न फिरवता मागे सरकले. गर्डर उतरत होता की नाही हेसुद्धा कळू नये, इतका सावकाश उतरत होता. काकांना आयुष्यात एवढा वेळ एका जागी उभं राहावं लागलं नव्हतं. त्यांनी चपलेतली बोटं उघडमीट केली, चुंबकाची वायर हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. गर्डर लाकडी ठोकळ्यांवर टेकला तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास उस्तादांना ऐकू गेला.

अंधार हवा होता म्हणून ताडपत्री अंगावर ओढून दोघे खाली बसले. पहिला शॅकल स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा फिरवताच वाकणाच्या आतल्या बाजूला हिरवी रेघ. ती कालच्यापेक्षा लांब होती की काय, हे काकांना सांगता येईना. त्यांनी दोनदा पुसून पाहिलं. रेघ जागेवरच.

उस्ताद बराच वेळ वाकून बघत राहिले. "घडी आहे," ते म्हणाले. "माझीच."

काका जिंकले होते. त्यांना ते आठवलंही नाही.

बाहेर दोरीवाल्यांपैकी एक जण सांगत होता की सकाळपासून हा तिसरा गर्डर, आणि आधीचे दोन ह्या शॅकलने बिनतक्रार उचलले. त्याच्या बोलण्यात कौतुकच होतं. काका त्याच्याकडे वळले. "बिनतक्रार, हेच वाईट आहे. हा वाकला असता तर तुम्हाला दिसलं असतं. हा वाकणार नाही. हा काही सांगणार नाही."

मुकादमाने शॅकल हातात घेतला आणि अंगठ्याने शिक्क्यावरची धूळ पुसली. "हा कुणाचा?"

"माझा."

"हा बघून मी माणसं उभी केली. त्यातला तो लाल शर्टवाला माझा भाऊ आहे."

उस्ताद मध्ये पडून सांगायला लागले की चूक अशी एकट्याची नाही, दाताचं दुखणं, पॅकिंगवाला, साचा. काकांनी त्यांना हाताने थांबवलं. रेघ कालच दिसली होती, आणि एका माणसाला खोटं पाडायचं म्हणून आपण तो कापायचा ठेवला, हे त्यांनी मुकादमाला जसंच्या तसं सांगितलं. ऐकताना मुकादमाचा चेहरा हलला नाही. रागावला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

त्याने कटरवाल्याला हाक मारली. सगळ्यांसमोर शॅकलचे दोन तुकडे झाले. लाल तुकडे मातीत पडून हळूहळू काळे झाले.

"आता बाकीचे एकोणचाळीस, बघितलेले दोनही," मुकादम म्हणाला.

ते संपायला दुपारचे चार वाजले. प्रत्येक शॅकल पाहताना मुकादम स्वतः ताडपत्रीखाली आला, दिव्याखाली स्वतः बघितलं आणि मगच बाजूला ठेवू दिला. काकांच्या शब्दावर त्याने एकही सोडला नाही. मधल्या वेळात काकांच्या साहेबांचा फोन येऊन गेला. काकांनी पाठकोऱ्या कागदावर काय घडलं ते लिहून सही केली आणि कागद मुकादमाच्या हातात दिला. एक प्रत तुमच्या साहेबांकडे जाईल, असं मुकादमाने सांगितलं. काका म्हणाले, जायलाच हवी. शिक्का आता आपल्याकडे राहतो की जातो, ही शंका सकाळपासून आत कुठेतरी कुरतडत होती. आता ती मोकळ्यावर आली होती.

तिसऱ्या कोपऱ्यात नवा शॅकल बसला. चौघांनी पुन्हा दोऱ्या धरल्या. लाल शर्टवाला आपल्या जागी आला तेव्हा त्याने एकदा काकांकडे बघितलं.

"उचलू ना?" मुकादमाने विचारलं.

"उचला," काका म्हणाले. तेवढं बोलून त्यांचं समाधान होईना. ते चालायला लागले. कुठे जायचं ते ठरवून निघाले नव्हते, पण पाय थांबले ते गर्डरला लागून, दोरीवाल्यांच्याही आत, जिथे काही झालंच तर पहिला घाव बसेल. तिथे ते हात खाली सोडून उभे राहिले. उस्तादांनी लांबून हाक मारली. ते हलले नाहीत.

शिट्टी वाजली. मुकादम चालत आला आणि त्याने काकांचं कोपर धरलं. "काका, इथं मी माझ्या बापालाही उभं राहू देत नाही."

"आता सगळे बघितलेत. माझा विश्वास आहे."

"माझाही आहे. म्हणून तर उचलतोय." त्याचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा थोडा मऊ झाला होता. "चला, बाजूला व्हा. माणसं खोळंबलीत."

त्याने काकांना हाताला धरून, धोक्याच्या जागेभोवती बांधलेल्या दोरखंडाच्या पलीकडे आणून सोडलं, ते नीट उभे राहिले की नाही ते पाहिलं आणि मगच आपल्या जागी जाऊन हात वर केला. दोर ताणले. गर्डर ठोकळ्यांवरून बोटभर सुटला, मग वीतभर. मुकादमाने तिथेच हात रोखला. चारी कोपरे एकेक करून बघितले. मग पुन्हा वर.

"उद्या सकाळीच साचा उतरवतो," गाल धरून उस्ताद म्हणाले.

काका एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत तिसऱ्या कोपऱ्याकडे बघत होते, आणि त्या कोपऱ्याखालून दोन पावलं दूर उभ्या असलेल्या लाल शर्टाकडे.