तात्यांचं शेवटचं कडवं

रेवणतात्यांचं नाव मी पुसलं. कंपनीनं नाही.

आज दुपारी तात्यांना माती दिली. सकाळपासून ग्रुपवर त्यांचं ‘कंडक्टर दादा, अकलूजचं तिकीट द्या की’ हे गाणं फिरतंय. गायिका म्हणून माझं नाव. गीत: पारंपरिक.

डोंबलाचं पारंपरिक! सोलापुरात गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवून घरी आल्यावर लिहिलंय ते तात्यांनी.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी विशीतली, कलापथकात गाणारी. तात्या आमचे कवी. जुन्या शाहिरांसारखं प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे.

मुंबईत रेकॉर्डिंगला कंपनीचे साहेब म्हणाले, “तीन मिनिटांत बसत नाही. एक कडवं काढा. कोणतं ते तुम्ही ठरवा.”

मी शेवटचं काढलं.

त्यात माझ्या तानेला जागा नव्हती. बस, एवढंच कारण. लेबलसाठी कवीचं नाव कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

रेकॉर्ड आली तेव्हा तात्या साचेखात्यातल्या दोन मित्रांना घेऊन स्टेशनजवळच्या हॉटेलात आले. मलाही बोलावलं. सगळ्यांना चहा सांगितला. गाणं लागलं.

“थांबा की! आता माजं नाव येतंय,” तात्या मित्रांना म्हणाले.

तबकडी थांबली.

“संपलं व्हय गं?”

“कंपनीनं काढलं, तात्या.” पटकन बोलून गेले मी.

“आसू दे. तुजा काय दोष न्हाय, पोरी. लई ग्वाड गायलीस.”

मित्र खाली बघून चहा पीत राहिले.

पुढे पन्नास वर्षं हे गाणं मी तीनच कडव्यांचं गायले. स्टेजवर कुठे आली तीन मिनिटांची अट? पण लोकांना रेकॉर्डसारखंच हवं असतं, अशी स्वतःची समजूत घातली. सत्कार घेतले. तात्या भेटले की विचारायचे, “बरी हाईस न्हवं?”

मी खरं बोलले नाही.

आज ठरवून गेले होते. अख्खं गाणं म्हणायचं, तात्यांच्या नावासकट. उभी राहिले. तीन कडवी म्हटली.

चौथं आठवेना.

चाल आठवत होती, शब्द गेले होते. तात्यांच्या लेकीला विचारलं, तर घरात वहीसुद्धा नाही. ज्यांना येत होतं, त्यांच्यावर लोक मूठमूठ माती टाकत होते.

“बाईंना भरून आलं,” मागून कोणीतरी म्हणालं.

तेही मी खपवून घेतलं.

जावा, तात्या. श्रद्धांजली कुठल्या तोंडाने वाहू?