सतरा नंबरचा तेपा

आमच्या पंजकेंतच्या वाचनालयात एक रबरी शिक्का आहे. त्यावर एकच शब्द आहे, ‘नाही’. वाचकाने मागणीची चिठ्ठी दिली आणि हवं ते सापडलं नाही, की चिठ्ठीवर शिक्का उमटवायचा, खाली कारण लिहायचं आणि चिठ्ठी परत करायची. सनवबर-अपा, म्हणजे सगळ्यांची थोरली ताई, त्या टेबलामागे चौतीस वर्षं बसली. शिक्क्याला ती कधी शाईच लावत नाही, असं लोक म्हणायचे. ते काही खरं नाही. शिक्का ती मारायची, पण त्याआधी महिना-महिना सगळ्यांचा पिच्छा पुरवायची. स्वतःचा, पोस्टमनचा, दुशांबेच्या मोठ्या ग्रंथालयाचा. तिकडचा एक कारकून तर तिचं अक्षर पाकिटावर दिसलं की कपाळाला हात लावायचा म्हणे.

“नाही म्हणायला काय जातं?” अपा म्हणायची. “तोंड उघडलं की झालं. शोधायला बसलं की कळतं, पाठ कशी दुखते ते.”

ती काही इतिहास शिकलेली नव्हती. एकोणीस वर्षांची असताना आई गेली, पदरात तीन वर्षांचा भाऊ, आणि वाचनालयात हिवाळ्यात शेगडी पेटलेली असायची, म्हणून तिने ती नोकरी धरली. भावाला शेगडीशेजारी गोधडीवर बसवायची आणि आपण समोर पडलेलं काहीतरी उघडायची. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सोग्द लोकांचं जुनं शहर आहे, तेराशे वर्षांपूर्वी ओस पडलेलं. दर उन्हाळ्यात विद्वान मंडळी येऊन ते खणायची आणि दोन-तीन वर्षांनी त्यांचे अहवाल टपालाने वाचनालयात यायचे. जाडजूड, करड्या पुठ्ठ्याचे. कोणी ते उघडत नसे. अपाने उघडले. रशियन भाषा ती त्यांतच शिकली, त्यामुळे तिला बाजारातली रशियन धड येत नाही, पण ‘भाजकी माती’, ‘कोसळलेली कमान’ असं काही असलं की घडाघडा. पुढे तिने आपली एक वही केली. गावांच्या नावाने, कुठल्या शेतात काय निघालं आणि ते कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे.

त्या वहीचा दरारा काय सांगावा! बीबी अंबर नावाची आमची एक म्हातारी. तिच्या अंगणात मातीची एक लांबट पेटी होती, शेतात सापडलेली. तीत ती कोंबड्यांना पाणी द्यायची. एकदा वाचनालयात येऊन मोठ्या तोऱ्यात विचारती झाली, “अपा, ही राणीबिणीच्या दागिन्यांची पेटी असेल का गं?” अपाने वही पाहिली, अहवाल काढला, चित्र समोर धरलं. “हीच ना? यात सोग्द लोक मेलेल्या माणसाची हाडं ठेवायचे.” बीबी अंबरने जी किंकाळी फोडली ती बाजारापर्यंत ऐकू आली. ती पेटी आता संग्रहालयात आहे, आणि त्या कोंबड्यांची अंडी गल्लीत कोणी वर्षभर घेतली नाहीत.

तर अशी ही बाई. आणि तिच्यापाशी एके दिवशी तिचा भाऊच ‘नाही’ मागायला आला.

भावाचं नाव इसोमिद्दिन. शेगडीशेजारी वाढलेला तोच. अकरा वर्षं रशियात इमारती बांधत होता, उणे तीस अंशांत विटा रचत होता. या शरदात तो कायमचा परत आला आणि आल्या आल्या म्हणाला, आता मी माझी इमारत बांधणार. दश्तक गावाच्या कडेला कबूतरतेपा आहे; तेपा म्हणजे मातीचं टेकाड, हे दोन उंचवट्यांचं. ते सपाट करायचं आणि तिथे लग्नाचं सभागृह उठवायचं. कचेरीने सगळं मान्य केलं, फक्त एक कागद मागितला. त्या जागी काही प्राचीन असल्याची नोंद नाही, असा वाचनालयाचा दाखला.

“हे घे,” इसोमने चिठ्ठी टेबलावर ठेवली. व्यवस्थित भरलेली. “कबूतरतेपा, दश्तक. मार शिक्का, अपा. यंत्रवाला सोमवारी येतोय.”

“आल्या आल्या हेच? चहासुद्धा नाही?”

“चहा सोमवारी. तेप्यावर पिऊ, दोघं.”

“अरे, बघू तर दे आधी.”

“बघायचंय काय त्यात? गुरं बांधायची जागा ती. मातीचा ढीग आहे!”

“वरचं शहरही मातीचा ढीगच होतं, लेका,” अपा म्हणाली. “तीन दिवस दे.”

इसोम हसला. बहिणीचा स्वभाव त्याला काय ठाऊक नव्हता? तीन दिवस डोकं खुपसून बसेल, काही सापडायचं नाही, मग मुकाट शिक्का मारेल. अपालाही तसंच वाटत होतं. तिची इच्छाही तीच होती. भावाने पुन्हा त्या बर्फात जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. तिला दुसरं होतं कोण?

वहीत कबूतरतेपा नव्हता. कार्डांच्या कपाटात नव्हता. जिल्ह्यातल्या तेप्यांची छापील यादी होती, साठेक वर्षांपूर्वीची, तीतही दश्तक गावच नव्हतं. दुसरं कोणी असतं तर तिथेच शिक्का मारून मोकळं झालं असतं, आणि कोणी बोटही ठेवू शकलं नसतं. पण यादीत सतरा नंबरपुढे नाव नव्हतं, पत्ता होता: ‘लाल पहाट सामूहिक शेत, दुसऱ्या तुकडीच्या गोठ्यामागे.’ आता लाल पहाट कुठली? आमच्याकडे शेतांची नावं सरकारं बदलली की बदलतात, आणि जुनं नाव पाच वर्षांत माणसं विसरतात.

अपाने जिल्हा वर्तमानपत्राचे बांधीव गठ्ठे काढले आणि आजपासून मागे निघाली. दश्तकच्या शेताला आज डोंगराचं नाव आहे. ब्याण्णव साली ते दिलं, त्याआधी ते ‘बाविसावं अधिवेशन’ होतं. आणखी तीस वर्षं मागे गेल्यावर चौथ्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळी मिळाल्या: ‘लाल पहाट’च्या शेतकऱ्यांनी एकमताने नवं नाव घेतलं. आता गोठा. गोठा कोण छापतो? पण भरपूर दूध काढणाऱ्या बाईचा फोटो छापतात! तिसऱ्या दिवशी दुपारी तो मिळाला. दश्तकची एक गवळण, गळ्यात पदक, मागे दुसऱ्या तुकडीचा गोठा, आणि गोठ्यामागे दोन उंचवट्यांचं टेकाड.

आधी तिला आनंदच झाला. खोटं कशाला बोला? टेबलावर थाप मारून ती एकटीच “सापडलास!” असं ओरडली. आणि मग हे कोणाला सांगायचंय, ते तिला आठवलं.

तरी ती उठली आणि सतरा नंबरचा सविस्तर अहवाल शोधून काढला. तो वाचून झाल्यावर तेपा प्राचीन असल्याचा दाखला कचेरीसाठी लिहिला, सही केली, आणि मग इसोमला बोलावणं धाडलं. आधी सही, मग बोलावणं. तो समोर आला तर आपल्या हातून सही व्हायची नाही, हे ती ओळखून होती.

इसोम आला. तिने अहवालातला नकाशा त्याच्यापुढे सरकवला. रशियन तर त्याला तिच्याहून चांगली येत होती, आणि नकाशे वाचणं हा त्याचा धंदाच. तो उभ्याउभ्या बघायला लागला आणि हळूहळू खाली बसला.

“भिंत दीड मीटर जाडीची,” तो पुटपुटला. “कच्च्या विटा. आणि ही कमान... अपा, हे लोक लाकडी साचा न लावता कमान उठवत होते. बघ, विटा तिरप्या टेकवल्यात. आमच्या मुकादमाला दाखवलं तर तोंडात बोटं घालेल.” त्याने पान उलटलं. “आठ मीटर लांब, आठ रुंद. मधे चार खांब. कडेने मातीचा ओटा, चारी भिंतींना...”

“पाहुण्यांना बसायला,” अपा म्हणाली. “दारासमोर ओटा जास्त रुंद आहे, तिथे यजमान. भिंतीवर चित्रं आहेत. अर्धंच खणलं होतं. मोसम संपला म्हणून माती लोटून बुजवलं आणि निघून गेले. सगळं आत आहे अजून.”

इसोमने बोटाने ओटा मोजला. “साठ माणसं बसतील.” मग तो एकदम थांबला. “म्हणजे सभागृहच आहे हे.”

“हो.”

“मेलेल्या माणसाचं सभागृह राहणार, आणि जिवंत माणसाचं नाही?” त्याचा आवाज चढला. “अकरा वर्षं, अपा! नखं निळी पडेपर्यंत दुसऱ्यांची घरं बांधली मी. माझ्या चिठ्ठीवर काय लिहिलंय? कबूतरतेपा. यादीत कबूतरतेपा आहे? नाही ना? मग नाही म्हण! खोटंसुद्धा होत नाही ते!”

“ते खोटंच आहे, आणि तुलाही कळतंय.”

“तू माझी आई ना गं?”

“म्हणूनच,” अपा म्हणाली. “दाखला लिहिलाय. जाताना कचेरीत टाकणार आहे.”

तो निघून गेला. दार एवढ्या जोरात आपटलं की कार्डांच्या कपाटाचे दोन कप्पे बाहेर आले.

नऊ दिवस तो फिरकला नाही. बाजारात बायका अपाला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. “सख्ख्या भावाच्या ताटात माती कालवली बाईने! कोणाच्या हाडांसाठी, तर तेराशे वर्षांपूर्वीच्या!” बीबी अंबर त्यांत सगळ्यांत पुढे होती. अपा कांदे निवडत राहायची. आपण चुकलो असं तिला एकदाही वाटलं नाही. पण रोज संध्याकाळी ती दोघांपुरता चहा टाकायची, हेही तितकंच खरं. आणि मग कळलं की इसोमने रशियाचं तिकीट काढलंय.

त्या सकाळी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. “बूट घाल. माझ्याबरोबर चल.”

“कशाला?”

“मी तुला वाढवलंय, म्हणून. चल.”

ती त्याला हमरस्त्याकडेच्या जर्दाळूच्या बागेत घेऊन गेली. एक्केचाळीस झाडं. तिच्या नवऱ्याने, नजमिद्दिनने लावलेली. तो जाऊन आठ वर्षं झाली होती. फळं उतरवून झाली होती, फांद्या उघड्या पडल्या होत्या. अपाने जमिनीच्या हक्काचा कागद काढून इसोमच्या हातात दिला. त्यावर कालच नाव बदललं होतं.

“रस्ता जवळ, पाणी आहे, जमीन पक्की. वही पाहिली, अहवाल पाहिले, वर्तमानपत्रं पाहिली, सगळी नावं मागेपर्यंत लावून पाहिली. इथे खाली काहीही नाही. हा त्याचा दाखला. बांध तुझं सभागृह.”

इसोमने कागद परत तिच्यापुढे धरला. “अपा, ही दाजींची झाडं आहेत. तू वर्षभर यांच्यावर...”

“मला पगार आहे.”

“मी नाही तोडणार.”

“झाडं पुन्हा लावता येतात रे. तो तेपा मला कोण लावून देईल?”

 अपाने बांधाला टेकवलेली कुऱ्हाड उचलली, बागेच्या तोंडाशी असलेल्या सगळ्यांत जुन्या झाडापाशी गेली. ते तिच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं होतं. तिने एकदा खोडावर हात ठेवला. मग पदराचं टोक कमरेला खोचावं तसा शालीचा काठ खोचला आणि पहिला घाव घातला. दुसरा घातला. तिचे डोळे वाहत होते आणि कुऱ्हाड नेमकी त्याच खाचेत बसत होती.

मागून इसोमच्या रडण्याचा आवाज आला, लहानपणी शेगडीशेजारी रडायचा तसा, मोठ्याने.

“रडतोस काय?” अपा वळून ओरडली. “घरात दुसरी कुऱ्हाड आहे, ती आण. बर्फ पडायच्या आत पाया खणून झाला पाहिजे.”