भुसावळला लोटा माझ्या मांडीवर होता

माझी बायको गाडीत बसली की शेजारच्या बाईला येशूबद्दल सांगितल्याशिवाय उतरायची नाही. डबा उघडायची, अर्धी पोळी पुढं करायची आणि बोलणं सुरू. मी खिडकीबाहेर बघायचो. लाज वाटायची, खरं तेच लिहितो.

एकदा तर मी हद्दच केली. बरीच वर्षं झाली त्याला. खंडव्याहून परत येताना समोरच्या माणसानं आडनाव विचारलं. आम्हा ख्रिस्ती लोकांची आडनावं इकडं चारचौघांसारखीच असतात. मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच." मी म्हणालो, "हो, तुमच्यातलेच." बायको शेजारी होती. ती उठली, पलीकडच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसली आणि आमच्या मोहल्ल्यात, सिंधीपुऱ्यात, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी पोळीसुद्धा मिळाली नाही.

पुढं तिनं ते कधी काढलं नाही. काढलं ते शेवटी, दवाखान्यातून घरी आणल्यावर. "माझं काम मी केलं," म्हणाली. "आता एकदा तरी तुम्ही आपल्या तोंडानं कोणाला सांगा. मी नसताना सांगा. नाहीतर म्हणाल, बायकोच्या धाकानं सांगितलं." चार दिवसांनी ती गेली.

दोन महिन्यांनी मी मुलीकडे मनमाडला निघालो. आमच्या गावच्या स्टेशनवर, लालबागला, बसलो होतो तर मुलीचा फोन. "बाबा, गाडीत देवाधर्माचं काही बोलू नका हं. दिवस बरे नाहीत. कोणी मोबाइलवर शूटिंग केलं तर निस्तरायला कोण येणार?"

"मी कधी बोललोय?" मी म्हणालो. फोन ठेवला, पण माझंच वाक्य मला बोचत राहिलं.

डब्यात माझ्यासमोर माझ्याच वयाचा एक माणूस होता. डोक्याचा गोटा, मांडीवर लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा लोटा. रावेर आलं तसा तो म्हणाला, "रावेर आलं बरं का."

"मालूम आहे," मी म्हणालो. "जन्म गेला इकडं."

तो जरा हसला. "तुम्हाला नाही हो भो. हिला सांगतोय." त्यानं लोट्यावर हात ठेवला. लोट्यात त्याच्या बायकोच्या अस्थी होत्या. तो नेपानगरला चढला होता, कागदाच्या मिलमधून रिटायर झालेला. पोरगं नाही, म्हणून डोकं त्यानंच केलेलं. नाशिकला चालला होता.

"आमच्या गावचा राजघाट काय वाईट होता? तापी आहे की," मी म्हणालो. मला गोड बोलता येत नाही.

"माहेर नाशिकचं तिचं. मिलच्या क्वार्टरमध्ये जिंदगी काढली, पण एकदा बी त्याला आपलं गाव म्हणाली नाही. आता नेतोय. वाटेत एकेक गाव सांगत न्यावं लागतं, नाहीतर मागं राहते म्हणतात." मग त्यानं विचारलं, "तुमची मंडळी?"

"गेली. दोन महिने झाले."

"अस्थी कुठं सोडल्या?"

तापीत, एवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. शब्द जिभेवर आला होता. मला त्या बाकावरची तिची पाठ दिसली.

"आम्ही जाळत नाही," मी म्हणालो. "आम्ही ख्रिस्ती. तिला माती दिली."

हळू बोलायचा माझा विचार होता. पण चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय ते कळत नाही. अख्खा डबा वळून बघायला लागला.

त्या माणसाला त्याचं काही नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "मग आता कुठं आहे ती?"

"मी चौथी पास," मी म्हणालो. "पाद्र्यासारखं सांगता येणार नाही. येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे मी मानतो. तो तिलाही उठवेल. मातीत तिचं थकलेलं शरीर आहे. ती त्याच्याजवळ आहे."

वरच्या बर्थवरनं एक जण म्हणाला, "क्या बाबा, प्रचार चल रहा है?"

"बायकोबद्दल बोलतोय," मी म्हणालो. "तुला असली तर सांभाळ."

कोणीतरी फिसकन हसलं. समोरचा म्हणाला, "बोलू द्या हो. मीच विचारलं त्यांना." मग माझ्याकडे वाकून, "पक्कं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं. चुलीपाशी गेलो की डगमगतो. पण मानतो."

भुसावळ आलं. त्यानं ते लोट्याला सांगितलं. त्याला शुगर होती, काहीतरी खायला पाहिजे होतं आणि बाटलीतलं पाणी संपलं होतं. पण लोटा जमिनीला टेकवायचा नसतो. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि मलाच म्हणाला, "धराल का? तुमच्या देवाला चालेल?"

"त्याला चालतं. तुमच्या हिला विचारा."

त्यानं खरंच विचारलं. "चालेल म्हणते," म्हणाला. "गाडी हललीच तर सांगा तिला."

लोटा माझ्या मांडीवर आला. सुताच्या चार कांड्यांएवढं वजन नव्हतं. माझ्या बायकोला खांद्यावर नेलं तेव्हाही मला वाटलं होतं, एवढीशी कशी झाली ही.

गाडी हलली आणि त्याचा पत्ता नाही. मेलेलं माणूस राखेत ऐकत असतं हे मी मानत नाही. पण शब्द दिला होता. "बाई, गाडी हलली," मी म्हणालो. "तुमचे मालक येतायत." मग डोळे मिटून माझ्या पद्धतीनं म्हणालो, "प्रभू येशू, या बाईच्या माणसाला सांभाळ. घरी गेल्यावर त्याला एकटं जेवायचं आहे."

डोळे उघडले तर तो समोर उभा, धापा टाकत, हातात केळी. मागच्या दारानं चढला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ऐकणारच, मी लूमवरचा. त्यानं लोटा घेतला.

मी डबा उघडला आणि अर्धी पोळी पुढं केली. सुतकातला माणूस, घेतो की नाही वाटलं. त्यानं घेतली. "जाड आहे," म्हणाला.

"माझ्या हातची आहे. दोन महिन्यांत एवढंच जमलं."

पोळी खाता खाता बायकोचं शेवटचं सांगणंही मी त्याला सांगितलं. त्याला मी ख्रिस्ती केलं नाही, करायचंही नव्हतं. मला सांगायचं होतं, ते मी सांगितलं. मनमाडपर्यंत मी ताठ बसून होतो.

मनमाड आलं तसा तो लोट्यावर वाकला. "मनमाड आलं बरं का. हे बाबा उतरतायत. यांची मंडळी येशूकडं आहे म्हणतात. तिकडं भेटली तर सांग तिला, यांनी साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगितलं."

मला उतरताना दाराचा दांडा नीट दिसला नाही. मुलीनं खाली हात धरला.

"बाबा, गाडीत काही बोलला नाहीत ना?"

"बोललो," मी म्हणालो. "मोठ्यानं."