ऑसिलेटर तापेपर्यंत

बाबांना कमी ऐकू येतं हे शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरहून रोज फोन करणाऱ्या मला केव्हाच कळलं होतं. बाबांना मात्र ते मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते फोन भिकार, नेटवर्क भिकार आणि मी तोंडातल्या तोंडात बोलणारी. आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच, आणि हल्ली ते फोनच उचलेनासे झाले होते. मला राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

त्यांचा सगळा जीव ऑसिलेटरवर. प्रयोगशाळेत हव्या त्या पट्टीचा सूर काढून देणारं हे जुनं व्हॉल्व्हचं यंत्र त्यांनी निवृत्त होताना भंगारातून सोडवून राजाजीनगरच्या घरी आणलं होतं. चालू केलं की अर्धा तास तापू द्यायचं, त्याआधी रीडिंग घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम.

एका रविवारी गेले तर टेबलावर स्पीकर उघडून पडलेले. "तबकडी तीन हजार हर्ट्झच्या पुढे नेली की सूरच निघत नाही," बाबा वैतागून म्हणाले आणि त्यांनी आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

"बाबा, बंद करा! कान फाटले माझे!"

"कसला आवाज?"

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी धीर झाला नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत एकाच माणसाचं रीडिंग धरत नसत. दुसऱ्याने तबकडीकडे पाठ करून बसायचं आणि ऐकू आलं की हात वर करायचा. बाबांनी मला तसं बसवलं. माझा हात प्रत्येक वेळी वर गेला. मग ते पाठ करून बसले आणि तबकडी मी फिरवली. तीन हजारांनंतर त्यांचा हात मांडीवरच राहिला. खोटं लिहायचा मोह झाला, पण वहीत मी खरं तेच लिहिलं.

त्यांनी दोन्ही रकाने बराच वेळ पाहिले. "यंत्र सरी आहे, एकदम ठीक," ते कानाला बोट लावून म्हणाले. "बिघाड इकडे आहे. डॉक्टरची वेळ घे."

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या कानात श्रवणयंत्र बसवलं. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी हात वर केला. "थांब. अर्धा तास तापू दे."

अर्धा तास आम्ही दवाखान्याच्या बाकावर मुकाट बसलो. मग घड्याळ बघून ते म्हणाले, "हं, बोल आता."

मला रडूच फुटलं.

"रडणं स्पष्ट येतंय," बाबा म्हणाले. "आता हळू आवाजात काहीतरी बोल."