कुलूप खरं होतं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता नीट आठवतही नाहीत. सोलापुरात सायबर शाखेत असताना नोंदवलेली एक फिर्याद मात्र अजून माझा पिच्छा सोडत नाही.

फिर्यादी मोहोळ तालुक्यातला मेंढपाळ, पन्नाशीचा. सोबत नुकतीच बारावी झालेली मुलगी. तिला नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. फीसाठी बापाने मेंढरं विकली. शेवटच्या दिवशी मुलीने मोबाईलवर कॉलेजचं नाव शोधलं, सगळ्यात वर आलेली वेबसाइट उघडली आणि फी भरली. पावतीही निघाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले, तर कारकून म्हणाला, ही वेबसाइट आमची नाहीच. मुदत संपली होती. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

"पैसे भरण्याआधी काही तपासलं नाहीत का?" मी नेहमीच्या पोलिसी आवाजात विचारलं.

"बगितलं की, साहेब," बाप म्हणाला. "पोरीला म्हणलं, आदी कुलूप बग. कुलूप हाय म्हणली, मग भरलं. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, आमच्या गावात येऊन?"

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की बिनधास्त पैसे भरा, हे वाक्य मी गावोगावच्या जनजागृती कार्यक्रमांत छातीठोकपणे ऐकवत असे. वरून आलेल्या कागदावर तेवढंच लिहिलं होतं आणि जास्त खोलात जायची तसदी मी घेतली नव्हती. मुलगी पूर्ण वेळ पावतीचा कागद हातात धरून बसली होती.

गुन्हा दाखल केला, रक्कम गोठवण्यासाठी बँकेला तातडीने कळवलं. नशिबाने ती पुढे सरकायच्या आत अडकली. पैसे ज्या खात्यात गेले, ते चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कामगाराचं निघालं. पर्मनंट नोकरीच्या आमिषाने त्याने आपलं एटीएम कार्ड खोलीतल्या जोडीदाराला देऊन टाकलं होतं आणि जोडीदार खोली सोडून पसार झाला होता.

पंधरा दिवस काही हाती लागलं नाही. मग एका झेरॉक्सवाल्याने आमच्या हवालदारांना खबर दिली. "एक जण पावत्या छापून बगतोय, साहेब. कॉलेजं येगयेगळी, पावती एकच." दुकानाजवळ सापळा लावला आणि तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉपसकट ताब्यात आला. खोलीतला जोडीदार तो हाच, असं त्या कामगाराने लगेच ओळखलं.

पंचविशीचा, डिप्लोमा झालेला. दोन तास एकच पालुपद. "मी फक्त वेबसाइट बनवून देतो साहेब, गिऱ्हाईक तिचं काय करतंय मला काय म्हायती?" गुन्हा लपवणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. पण आपल्या हाताच्या कामाला कुणी नावं ठेवली, की त्यातल्या निम्म्यांना ते सहन होत नाही. मी पावती पुढे सरकवली आणि हवालदारांकडे बघून म्हणालो, "काम अगदीच कच्चं आहे हो. वेबसाइटवरचं कुलूपसुद्धा खोटं चिकटवलंय."

तो उसळलाच. "खोटं कसं? खरंच हाय कुलूप! मी सोता रीतसर घेतलंय. फुकट मिळतंय की, कुणालाबी."

मग ही वेबसाइट गिऱ्हाइकाची नाही, आपलीच, हे बोलून गेल्याचं त्याच्या लक्षात आलं. पण मला कबुलीपेक्षा पुढचं ऐकायचं होतं. "मग लोक फसले कसे?" मी विचारलं.

"कुलूप दाराला असतंय, साहेब," तो मान खाली घालून म्हणाला. "आत बोललेलं भायेर कुणाला ऐकू जात न्हाय, येवढंच. घर कुणाचं हाय ते कुलूप कुटं सांगतंय? नाव वाचायला पायजे. मी कॉलेजच्या नावात एक अक्षर जादा घातलं हुतं."

तीस वर्षं नोकरी केलेला मी, एका आरोपीकडून हे शिकलो.

पुढचं सगळं रीतसर झालं. जबाब, जप्ती, दोषारोपपत्र. कोर्टाच्या आदेशाने रक्कम परत मिळाली, तेव्हा मेंढपाळ ठाण्यात भेटायला आला. मी उत्साहाने म्हणालो, "आता पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"न्हाय साहेब. भावकी म्हणली, फसली ती फसली, आता उजवून टाका. पुढल्या म्हैन्यात लगीन हाय. हे पैसं तितंच लागतील." मग त्याने हात जोडले. "लई उपकार झाले तुमचे."

कुलपाबद्दल त्याने पुन्हा चकार शब्द काढला नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून कुठेही बोलायला गेलो की सांगतो: शोधून सगळ्यात वर आलेल्या वेबसाइटवर जाऊ नका. कॉलेजकडून आलेल्या प्रवेशाच्या पत्रावर छापलेला पत्ता स्वतः टाका, अक्षर न् अक्षर ताडून पाहा, शंका आली तर आधी कॉलेजला फोन करा, मग पैसे भरा. आणि नुसतं कुलूप पाहून विश्वास ठेवू नका. हे मला आधी कळलं असतं, मी आधी कुणा जाणकाराला विचारलं असतं, तर ती मुलगी आज एखाद्या वॉर्डात ड्यूटीवर असती.