कमरेएवढी जाळी

तितरमामांचे पाय कधी ठरले नाहीत. आमच्याकडे चहाला आले तरी कप हातात धरून खिडकी ते दार फेऱ्या चालूच. "मामा, बसा हो जरा, बघणाऱ्याला घेरी येते," म्हटलं की म्हणत, "शिकारी बसला की सावज उठतं, बाई." त्यांचे वडील संस्थानच्या शिकारखान्यात होते. शिकारबंदी आली तेव्हा मामा ऐन विशीत होते. बंदूक सुटली, पायाची भिंगरी काही सुटली नाही. समा भागातल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटेच राहत. गुजराती शेजारी त्यांना 'तेतरकाका' म्हणत.

मामांसोबत रिक्षात बसणं म्हणजे डोक्याला ताप. हल्लीची नावं ते मानतच नसत. "थोराच्या कुंपणापाशी घे," असं बेधडक सांगत, ते निवडुंगाचं कुंपण कधीच गेलेलं. रिक्षावाला बिचारा "क्यां, काका?" विचारत राही आणि तिथे आता जो मॉल आहे त्याचं नाव मागून मला ओरडावं लागे. एकदा सुभानपुऱ्यातून जाताना म्हणाले, "तितर ओरडतं, 'सुभान तेरी कुदरत.' त्यावरूनच हा सुभानपुरा." मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. म्हटलं, "मामा, असं कुठेही लिहिलेलं नाही." "लिहिणारे उशिरा उठतात," मामा म्हणाले.

पक्ष्यांबद्दल गळा काढणाऱ्यांतले ते नव्हते. "मी खाल्लीत तितरं, खोटं कशाला बोलू?" म्हणत. पण एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत असे. "आम्ही मारायचो तेव्हा दर हिवाळ्याला पुन्हा असायचीच. आता कुणी मारत नाही, आणि तितर नाही." मग फेरी मारता मारता स्वतःच उत्तर देत, "बंदुकीनं तितर कमी होतं बाई, झाडूनं संपतं." बांधावरचं गवत गेलं, काटेरी कुंपणं गेली, त्या जागी भिंती आल्या. हे सगळं मी ऐकलं होतं, मानही डोलावली होती. तरीही पुढे जे केलं ते केलंच.

सोसायटीच्या मागे एक मोकळा तुकडा होता, बोरी-बाभळीच्या जाळीनं भरलेला. तिथे तितरांची एक जोडी उरली होती. मामा रोज पहाटे तोंडाशी ओंजळ धरून शीळ घालत आणि जाळीतून उत्तर येई. तेवढं ऐकलं की घटकाभर त्यांचे पाय शांत होत. मी सोसायटीची सेक्रेटरी. कमिटीला तिथे पार्किंग हवं होतं. मी भांडभांड भांडले आणि ती जागा पक्ष्यांसाठी राखून घेतली. मामा तेव्हा मुलीकडे सुरतेला गेले होते. म्हटलं, येतील तेव्हा चकित करू.

आठ दिवसांत काटे काढले, हिरवळ लावली, दोन बाक टाकले, दाण्याचं ताट आणि पाण्याची कुंडी ठेवली. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "बहु सरस, बेन." मामा आले तशी मी त्यांना हाताला धरून तिकडे नेलं. ते कडेला उभे राहिले, अगदी स्तब्ध. शीळ घातली. पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "बाग छान झाली. दाणापाणी ठेवलंत बाई, पण लपायला जागा कुठे ठेवलीत? तितराला आडोसा आधी, पोट नंतर." रागावले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पहाटेची शीळ सोडली. फेऱ्या मात्र वाढल्या, त्या रात्री-अपरात्रीही ऐकू येत. शेवटी मुलगी त्यांना सुरतेला घेऊन गेली, सातव्या मजल्यावर. तिथून रोज सकाळी फोन: "बाई, बोललं का?" मी बाक उचलले, माळ्याला रजा दिली, पाणी तोडलं. हिरवळ वाळली आणि खालून बोरीचे कोंब निघाले, मुळं कुठे मेली होती! हंसाबेन म्हणाल्या, "बेन, हवे आ साफ करावो ने." मी म्हटलं, साफ नको, राहू द्या. एकदा फोनवर 'हो, बोललं' असं अगदी जिभेवर आलं होतं. पण खोटी शीळ त्या माणसाला कळली असती.

शेवटच्या फोनवर त्यांनी विचारलं, "जाळी केवढी झाली?"

"गुडघाभर."

"कमरेला लागली की येतील. तोवर झाडू लावू नका."

त्यानंतर फोन आला तो त्यांच्या मुलीचा. मी कितीतरी वेळ खिडकी ते दार चालत राहिले. आता माझेही पाय ठरत नाहीत. रोज पहाटे मागे जाते, ओंजळ धरून वेडीवाकडी शीळ घालते. कमिटीत माझ्याविरुद्ध दोन अर्ज आलेत, येऊ देत.

परवा जाळी माझ्या कमरेला लागली. शीळ घातली, थांबले. उत्तर आलं नाही. परतताना अर्ध्या वाटेत आठवलं, मामा माझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच होते.